एका सीटची गाडी

दि. ४ मार्च

प्रिय भाऊजी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुमचा फोन आला. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्राला मध्येच ‘वहिनी, ऐका तर’ म्हणता येत नाही.

इकडे सगळं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिवणमशीन चालवण्यापुरते अजून माझ्या बाजूने आहेत. माझ्या धाकट्या जावेला सांगा, तिचा कोट उसवून पुन्हा शिवला आहे. आता काखेत ओढणार नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणालात, ‘दादाची ती चॉपर मोटरसायकल तयार होत आली असं ऐकलं. महिनाअखेरीला टेम्पो पाठवतो. तेवढे फूटरेस्ट वीतभर पुढे सरकवून ठेवा, दादाची ती चूक एकदाची निघून जाईल.’ एका दमात एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात आणि मी हातात रिसीव्हर घेऊन उभी राहिले. माझ्या घरातली गाडी, माझ्या हातांनी घासलेली, आणि टेम्पो तुमचा.

ती गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गंजत होती, टाकीत उंदरांनी संसार मांडला होता, तेव्हा तुम्हाला तिची आठवण झाली नाही. तुमचे दादा गेले, तेव्हाही तुम्ही त्यांचं घड्याळ मागितलंत, गाडी नाही. मी भंगारवाल्याला बोलावलं होतं. त्याने साखळी गुंडाळली, ओढायला लागला, आणि मी त्याला नको म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. मोडकी वस्तू टाकायची मला सवय नाही, एवढंच समजा. लोकांचे फाटके कपडे दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं आहे.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांनी इंजिन उघडून बसवलं. बाकीचं मी केलं. टाकीत मूठभर नटबोल्ट टाकून ती मांडीवर घेऊन हलवत बसायचे, आतला गंज खरवडून निघेपर्यंत. शेजारीण म्हणाली, नातवंड झोपवताय का. हँडलचं क्रोम घासून माझ्या बोटांचे ठसे गेले असतील. आणि आता इंजिन फुरफुरायला लागलं तर तुम्ही टेम्पो काढलात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय म्हणू.

‘गाडी दादानं आणि मी मिळून केली,’ असंही तुम्ही म्हणालात. तुम्ही फ्रेम धरून उभे होतात हे मला ठाऊक आहे. ह्यांनी चांगली धडधाकट मोटरसायकल कापली, पुढचा भाग लांबवला, हँडल उंच केलं, बैठक जमिनीजवळ आणली आणि ह्या सगळ्याला चॉपर म्हणतात असं सांगितलं. मी म्हटलं, कापून ठेवलीय एवढं दिसतंच आहे.

त्या गाडीचं मला काही कौतुक नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. लग्न ठरताना मी ह्यांना एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती, की मागे बसून नवऱ्याची पाठ बघत मी गावभर फिरणार नाही. हे नुसते हसले. आणि पुढे काय केलं, तर मागची सीटच काढून टाकली. एकट्याची गाडी केली. मला टोमणा मारायचा तर तोंडाने मारायचा, त्यासाठी एवढं वेल्डिंग कशाला. हा राग माझा माझ्याजवळ आहे, त्यात तुम्ही वाटा मागू नका.

पण चूक म्हणालात, ते मी ऐकून घेणार नाही. ह्यांनी केलेली लोखंडी दारं, जिने, खिडक्यांच्या जाळ्या अर्ध्या शहरात आहेत. त्यांचं दार कधी चौकटीला घासलं नाही. अहो, लग्नानंतर एकदा मला म्हणाले, तुम्ही शिंपी लोक माप कसं घेता ते शिकव. मी शिकवलं, तर त्यांनी स्वतःच्या स्टीलच्या टेपने माझीच बाही आणि माझाच पाय मोजून बघितला. टेप इतकी गार की मी किंचाळले. पण आकडा माझ्या कापडी टेपपेक्षा चोख निघाला. असा माणूस फूटरेस्ट चुकीच्या जागी लावेल का? तुमचे गुडघे त्या गाडीवर कानाला लागतात, त्याला गाडी काय करणार. नाचता येईना, अंगण वाकडं.

फूटरेस्ट सरकणार नाहीत. टेम्पोचं मग बघू.

धाकटीला आशीर्वाद.

तुमची
वहिनी


दि. १९ मार्च

प्रिय भाऊजी,
आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल.

तुमचं उत्तर मिळालं. पत्राला पत्राने उत्तर दिलंत, हे बरं केलंत. तुम्ही लिहिता, ‘दादा स्वतः कबूल करायचा की माप चुकलं. सगळी दोस्तमंडळी साक्षीला आहेत. मग आपण का भांडतोय?’

कबूल करायचे, हे खरं आहे. मीही ऐकलं आहे. तुमचं टोळकं मागच्या अंगणात जमायचं, ह्यांना त्या गाडीवर बसायला लावायचं, आणि गुडघे वर, कोपरं बाहेर असं ते ध्यान दिसलं की तुम्ही हसून लोळायचात. हे खाली उतरायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, ‘चुकलं खरं.’ त्या दोन शब्दांवरूनच आज तुमच्याशी भांडायचं आहे. नीट बसून वाचा.

मागच्या आठवड्यात सीट शिवायला घेतली. जुनं रेक्झिन पापुद्र्यासारखं सुटून आलं. खाली पत्र्याची बैठक, ह्यांनी हातोडीने ठोकून आकार दिलेली. मी त्यावर कागद ठेवून खाका काढला, आणि कात्री हातात घेऊन थांबले. ती रुंदी तुमच्या दादांची नव्हती. त्यांच्या पँटी मी जन्मभर शिवल्या आहेत, मला शिकवू नका. त्या बैठकीतून ते दोन्ही बाजूंनी सांडत असणार.

कपडा अंगाला लावून बघावा लागतो, तसं सीटवर बसून बघावं लागतं. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तोवर मी त्या गाडीवर एकदाही बसले नव्हते. वर्कशॉपचं दार लोटून घेतलं, कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि बसले.

माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले. टाचांसकट. तुम्हाला त्याचं काय वाटणार, तुमचं सगळं घराणंच उंच. माझे पाय कुठल्याही खुर्चीवरून पुरते टेकत नाहीत. शिवणमशीनच्या खुर्चीचे पाय ह्यांनी कापून दिले, म्हणून मी पाठ न मोडता शिवू शकले. मग पाय उचलून त्या बदनाम फूटरेस्टवर ठेवले. गुडघा जितका वाकायला हवा तितकाच वाकला. हात पुढे केले तर हँडल आपणहून हातात आलं. क्लच माझ्या आखूड बोटांत बसला. मी उतरले, माझी कापडी टेप आणली आणि मोजलं. हँडलपर्यंत माझी बाही भरली. फूटरेस्टपर्यंत माझा पाय भरला. माझी मापं मला पाठ आहेत, भाऊजी. लोकांचे कपडे बेतताना माझाच हिशेब धरून कमीजास्त करते मी.

मला इतका राग आला की जवळचा पाना उचलून मी भिंतीवर मारला. भिंतीला खोक पडली आहे, येऊन बघा.

मागची सीट का काढली ते माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. मी म्हटलं होतं, मागे बसणार नाही. ह्यांनी ते शब्दशः मनावर घेतलं. मागे बसायचं नाही ना, मग पुढे बस. एवढी सरळ गोष्ट. आणि मी आयुष्यभर त्या एका सीटवरून त्यांना टोचत राहिले, की बायकोला गाडीवर वीतभर जागा ठेवली नाही. सगळी जागा माझीच होती. त्यांनीच स्वतःला ठेवली नव्हती.

आता तुमच्याकडे वळते. गाडी पहिल्यांदा अंगणात आणली ती संध्याकाळ आठवा. सासूबाई ओट्यावर होत्या, तुमचं टोळकं गोलात उभं होतं. ह्यांनी गाडी स्टँडवर लावली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘बस.’ मी म्हटलं, ‘कुठे बसू? टाकीवर?’ सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तुम्ही. ह्यांनी तोंड उघडलं होतं, काहीतरी सांगणार होते, मला आज स्पष्ट आठवतंय. तेवढ्यात तुम्ही उडी मारून बसलात, किक मारलीत आणि गेलात फेरी मारायला. परत येऊन काय म्हणालात? ‘दादा, फूटरेस्ट चुकले रे.’

आणि ते म्हणाले, ‘चुकलं खरं.’

मी ओठांवर येईल ते बोलणारी बाई आहे, हे लग्नाआधीपासून त्यांना माहीत होतं. तेव्हा मी चुकले असं मी म्हणणार नाही. पुढचं वाक्य बोलायचं काम त्यांचं होतं. रात्री जेवताना सांगायचं, दुसऱ्या दिवशी सांगायचं, दहा वर्षांनी सांगायचं. तोंडाला कुलूप का घातलं? मी काय खाल्लं असतं त्यांना? एक वाक्य बोलायला जड झालं म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं गुडघे कानाशी घेऊन ती गाडी हाकत राहिला, पाठ दुखते म्हणून माझ्याकडून चोळून घेत राहिला, आणि मी पाठ चोळता चोळता त्या गाडीला शिव्या देत राहिले. शेवटी पाठीने ऐकेना तेव्हा ताडपत्री टाकली. पण फूटरेस्ट सरकवले नाहीत. दुपारभराचं काम होतं त्यांना. लोकांचं हसणं चालवून घेतलं, माझी जागा हलवली नाही.

मला भयंकर राग आहे त्यांचा. भांडायला समोर माणूस नाही, हा त्याहून मोठा राग आहे. म्हणून तुमच्याशी भांडते आहे, सोसा.

मेकॅनिककाकांना सांगितलं तर तेही म्हणाले, योगायोग असेल. मी त्यांना गाडीवर बसवलं. गुडघे वर आल्यावर त्यांनी योगायोग मागे घेतला.

तुमची
वहिनी


दि. ६ एप्रिल

प्रिय भाऊजी,
आशीर्वाद.

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. ‘तसं असतं तर दादा बोलला असता. असो. टेम्पो रविवारी सकाळी येईल, गाडी तयार ठेवा.’ हे ‘असो’ मला आवडलेलं नाही. आमच्या घरात सगळं ‘असो’ म्हणूनच ताडपत्रीखाली गेलं.

गाडी तयार आहे. सीटला काळं चामडं लावलं, शिवण दुहेरी घातली, टाके मोजून घ्या. टाकीला रंग दिला तो तुमच्या दादांनी दिला होता तसाच. मेकॅनिककाका म्हणाले, पुढच्या चाकाचा फोर्क जरा आखूड करू, वळायला सोपं जाईल. मी नको म्हटलं. ह्यांनी केलं ते सगळं तसंच राहील, अवघड आहे ते अवघड राहील.

शिवलेले कपडे पोचवायला म्हणून स्कूटर तर मी केव्हाच शिकले होते. गिअरची सवय व्हायला थोडे दिवस गेले. कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर पहिल्या दिवशी दोनदा बंद पाडली, एकदा कुंपणात घातली. तारेत कुर्ता फाटला, तो शिवला. काल मोठ्या पुलापर्यंत जाऊन आले. समोरून येणारे दोन ट्रकवाले मान वळवून बघत राहिले, तेव्हा मला तुमच्या दादांना हाक मारून सांगावंसं वाटलं. फार वाटलं. ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहू.

तेव्हा रविवारी टेम्पो पाठवू नका. मी गाडी घेऊन येते आहे, तुम्हाला द्यायला नव्हे, दाखवायला. तुमच्या टोळक्यातले जे चालते-फिरते असतील त्यांना बोलावून ठेवा. पूर्वीसारखे गोल करून उभे राहा. माझे पाय कुठे पोचतात ते सगळ्यांनी नीट बघा, आणि मग तुम्ही, भाऊजी, त्या सगळ्यांसमोर एकदा म्हणा, की दादाचं माप चुकलं नव्हतं. तेवढंच ऐकून, धाकटीच्या हातचा चहा पिऊन मी परत जाईन.

‘बस’ असं मला कुणी म्हणायची गरज नाही. ते सांगून झालेलं आहे. मी उशिरा ऐकलं.

रविवारी येते.

तुमच्या दादांची,
बायको