ओल्या पोत्याखालचे डास

नागपूर, ६ मे

ती. उज्ज्वलाआत्यास, वैष्णवीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जोडतेस, म्हणून पत्र. मागच्या मे महिन्यात तुझ्या नातवाला, गोपालला, डेंगू झाला तेव्हा सगळे म्हणाले, एवढ्या उन्हात डास जगलाच कसा? तेच तर मी शोधते आहे. पारा चढला की डास लवकर मरतात, त्यातही वय झालेले आधी. हे गणित मी गावोगावी ठेवलेल्या डासांच्या पिंजऱ्यांवरून मांडलंय. सगळी गावं जुळली. तुझ्या ओसरीतल्या पिंजऱ्यातले म्हातारे डास मात्र टुणटुणीत! सर म्हणतात, आत्याचे आकडे काढून टाक. तसं केलं तर माझा प्रबंध यंदा लटकतो. खरं सांग, मेलेले मोजायचे राहिले का? रागावू नकोस गं.

तुझीच,
वैष्णवी

शेलूबाजार, ११ मे

चि. वैष्णवीस, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

राहिले म्हणते? अवं, रोज सकाळी चष्मा लावून मोजून राह्यली मी! आमचे हे हासतात मले. म्हणतात, लोकं डास मारतात अन् तू पाळून राह्यली.

एक मात्र केलं. बाजाराच्या कोथिंबिरीवर आपण दुपारी ओलं पोतं टाकतो ना, तसंच पिंजऱ्यावरही टाकत होती. जाळी तापे, मले पाह्यवत नोतं. डास असले म्हणून काय झालं, तुये डास हायेत ते! पण माह्या मायेनं तुया अभ्यास बुडाला असंन तं मले लय वाईट वाटंन. आमरसासंग खायले गव्हाचे सरगुंडे वाळवले हायेत, नेजो.

पत्राची वाट पाह्यते,
आत्या

नागपूर, २० मे

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

काही बुडालं नाही, उलट तरलं! तुझं पत्र ऐकून सर आधी खो खो हसले, मग म्हणाले, पोत्याखालचा पारा मोजा. आमच्या प्रयोगशाळेतल्या हरीओमदादानं तसंच ओलं पोतं टाकून त्याखाली थर्मामीटर ठेवून पाहिला. भिंतीवरच्या थर्मामीटरपेक्षा पारा कितीतरी खाली. तो गणितात घातला आणि शेलूबाजार नेमकं जुळलं. डास जिथे बसतो तिथलाच पारा खरा, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण आत्या, आता जिवाला घोर लागलाय. डेंगूचं विष डासाच्या अंगात मुरायला दिवस लागतात, म्हणून म्हातारा डासच घातकी. तो उन्हानं मरायला हवा, आणि ओल्या पोत्यात जगतो. बाजाराहून आलेली तुझी पोती गोपालच्या बाजेखाली पडलेली असतात ना?

कळव लवकर. माया आहेच, ती राहू दे.
वैष्णवी

शेलूबाजार, २४ मे

चि. वैष्णवीस, अनेक आशीर्वाद.

तुयं पत्र वाचता वाचताच उठली. सारे पोते अंगणात कडक उन्हात टाकले. आता कोथिंबीर इकून झाली की रोज वाळवतो. गोपाल रडून राह्यला, म्हणते, माह्या बाजेखालचं थंडगार काहून नेलं? त्याले जवळ घेऊन बसली. वर्षभर आमी म्हणत होतो, डास कुठून आला, कुठून आला. बाई वं, माह्याच हातानं वलं करून ठेवत होती मी.

पिंजऱ्यावरचंही पोतं काढलं. तुये डास मरून राह्यले. जीव हळहळते, पण हळहळू दे.

पास झाली की पह्यले घरी ये.
तुयी आत्या