हातभर खोलीवरचं शेण

पांढरकवडा, ९ मे

"आपल्या तांड्याचे मिठाच्या गोण्या वाहणारे बैल याच तळ्यावर उतरत," माझे वडील, बापू, एकदा गावच्या तळ्याकाठी म्हणाले होते. मी तेव्हा शाळेत होते, हसले होते.

आज कॉलेजात त्या तळ्याचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि खुर्चीतून उठलेच. हातभर खोलीच्या थरात शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे काळेभोर बीजकण, नुसती दाटी! वरच्या-खालच्या थरांत जवळजवळ नाहीतच. म्हणजे एके काळी तिथं खूप गुरं थांबत. आमचीच का? ते गाळ सांगत नाही. तरी दिवसभर गुणगुणतेय.

संध्याकाळी गावी भीमादादाला फोन केला. तो खो-खो हसला. "शेणच पायजे होतं तर मले सांगायचं ना! गोठ्यातून टोपलंभर देलं असतं." मग म्हणाला, "कपाशीच्या वावरात टाकाले येत्या सोमवारपासून तळ्याचा पूर्वेचा कोपरा खणणार हाय."

नेमका तोच, जिथून मी हा नमुना आणला! तळ्याच्या बाकीच्या भागातला गाळ गावानं कधीच नेलाय. जुने थर तिथंच शाबूत आहेत. एका नमुन्यावर कोण विश्वास ठेवेल? दुसरा तिथूनच काढायला हवा. डोळे मिटले तरी ते काळे कण दिसतात.

दादाचं वावर मुरमाड, त्याला गाळ हवाच. तो नाहीच म्हणेल. तरी उद्या जाऊन म्हणणार आहे, "दादा, यंदा तेवढा कोपरा मले राहू दे."