हिरा कुणाच्या टोपणावर

मल्लेश्वरम, बंगळूर
१२ फेब्रुवारी १९६१

ती. सौ. अक्का,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि गाभण म्हैस, तिघांचीही प्रकृती वेगवेगळी कळव. मागच्या पत्रात तू सगळं एका दमात लिहिलंस आणि ‘आता दोन वेळा खाणं होतं, पण उठवत नाही’ हे कुणाबद्दल ते आम्हाला उमगलं नाही. (हे म्हणाले, दाजींबद्दल असावं. मी म्हशीच्या बाजूने होते.) इकडे आम्ही खुशाल आहोत. आज खुशाल आहोत, असं म्हणते. दोन आठवड्यांपूर्वी लिहायला बसले असते तर हेच पत्र मी रडत लिहिलं असतं आणि तू ते वाचून पहिल्या गाडीने ह्यांचा कान धरायला आली असतीस.

ह्यांचा पेनांचा नाद तुला माहीत आहे, पण तो कुठवर गेलाय ते माहीत नाही. कारखान्यात दिवसभर रेडिओचे सुटे भाग तपासायचे, हा केसभर मोठा, तो केसभर लहान, असं करून माणसाच्या डोळ्यांना वाईट सवय लागते. कँटोन्मेंटात विलायतेला परत निघालेल्या साहेबलोकांच्या सामानाचे लिलाव होतात. शेजारच्या बायकांचे नवरे तिथून आरामखुर्च्या आणतात, आरसे आणतात. आमचे पेनं आणतात. आजमितीला घरात एकतीस पेनं आहेत आणि वाण्याची यादी मी पेन्सिलीने लिहिते, कारण ती ‘हात लावायची नाहीत’. बरं, नुसतं जुनं पेन ह्यांना नको. जे पेन ज्या साली पहिल्यांदा निघालं त्या सालचंच हवं, कंपनीने पुढे त्यात फेरफार करायच्या आधीचं. पार्कर एक्कावन्नचंच घे. पहिल्या पहिल्यांना दोन्ही टोकांना चकचकीत खडा असतो, नंतरच्यांना फक्त टोपणावर. पहिल्यांच्या क्लिपवर इवलासा निळा हिरा असतो, नंतरच्यांवर नाही. नळीवर साल सांगणारा एक आकडा आणि टिंबं असतात, ती भिंगातूनच दिसतात. (हे मला पाठ आहे याचा अर्थ मला त्यात रस आहे असा घेऊ नकोस. भाकरी थापताना कान बंद करता येत नाहीत, एवढंच.) लोक माणसाच्या तोंडाकडे बघतात, हे खिशाकडे बघतात. मला ताप आला तेव्हा डॉक्टरांनी माझा हात धरला आणि ह्यांनी डॉक्टरांचं पेन.

तर माझ्या नणंदेला, नयनाला, पाहायला गेल्या महिन्यात चिकपेटेतले मल्हारराव आले होते. हे इथलंच जुनं मराठी घराणं, दहा पिढ्या बंगळुरात. मराठी बोलतात, पण मध्येच कानडी अशी मिसळतात की मला अर्धं वाक्य जिना चढल्यासारखं वाटतं आणि अर्धं उतरल्यासारखं. मुलगा रघुपती टेलिफोनच्या कारखान्यात आहे. शांत आहे, हसला की डाव्या गालाला खळी पडते. (मी बघितलं नाही, नयनाने सांगितलं.) आधीची दोन स्थळं नयनाने बसल्या जागी नाकारली होती. या वेळी ती आत आली आणि मला हळूच म्हणाली, “वहिनी, ह्यांना आणखी थोडा केसरीभात द्या ना.” तुला सांगते अक्का, मी त्याच क्षणी मनात अक्षता टाकल्या.

सगळं जमत आलं होतं. पत्रिका उतरवून घ्यायला मल्हाररावांनी खिशातून पेन काढलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर ह्यांच्या चेहऱ्यावर ती लिलावातली कळा आली होती. मल्हाररावांच्याही ते लक्षात आलं, पण त्यांना वाटलं मुलीच्या भावाला कौतुक आहे. ते खुलले. लढाईच्या दिवसांत ते विमानाच्या कारखान्यात स्टोअरला होते, तिथल्या एका अमेरिकन साहेबाने बेचाळीस साली जाताना स्वतःच्या खिशातलं हे पेन काढून त्यांच्या खिशाला लावलं होतं. एकोणीस वर्षं ते रोज वापरतात. असं सांगताना त्यांनी पेन कोटाच्या बाहीवर पुसलं. इथे कोणताही शहाणा माणूस “वा!” म्हणून गप्प बसला असता. ह्यांनी भिंग काढलं. नळी पाहिली, खालचा खडा पाहिला, “एक्केचाळीस! पहिल्या वर्षाचं!” म्हणून ओरडले, आणि मग टोपण पाहून त्यांचा चेहरा पडला.

“टोपण ह्याचं नाही,” हे म्हणाले.

“असं कसं अण्णा? हे माझंच हाय.”

“पेन तुमचं आहे. टोपण नंतरचं आहे. ह्यावर निळा हिरा हवा.”

“त्याचा रंग उडालाय. स्वल्प जुनं झालं म्हणजे उडतो की.”

“रंग उडाला तरी जागा राहते. इथे जागाच नाही.”

मी स्वयंपाकघराच्या दारातून बांगड्या वाजवल्या, खोकले, शेवटी पेला पाडला. उपयोग नाही. मल्हाररावांनी पेन खिशाला लावलं, कोट सारखा केला आणि म्हणाले, “म्हणजे माझ्या साहेबानं मला मोडकं पेन दिलं. सरी, बरं. विचार करून कळवतो.” अंबुबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, कुंकू लावून घेतलं पण माझ्याकडे न बघता. रघुपतीने चपला घालताना दोनदा मागे वळून पाहिलं.

त्यानंतर नयना चार दिवस भावाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते असं, “दादा, ते भिंग घे आणि माझ्यात काही नंतर बसवलेलं नाही ना, तेवढं बघून घे.” मग ती न जेवता आत गेली. हे ताटावर तसेच बसून राहिले. हात वाळला तरी उठले नाहीत. मला म्हणाले, “प्रेमा, मी खोटं कुठे बोललो?” मी म्हटलं, तुम्ही खोटं बोललात असं कुणीच म्हणत नाही, तीच तर अडचण आहे. सासूबाई गेल्यापासून ह्या मुलीला ह्यांनीच वाढवलंय गं. वेणी घालायलासुद्धा शिकले होते. (तीही एकदम सरळ भांग पडेपर्यंत सात-सात वेळा.)

गुरुवारी आम्ही दोघं माफी मागायला चिकपेटेत गेलो. भिंग मी स्वतः कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. तिथे मल्हाररावांचे मित्र भीमाचार्य बसले होते. दोघांनी स्टोअरमध्ये एकाच टेबलाशी नोकरी काढली, आता निवृत्तीनंतर एकच वर्तमानपत्र रोज दोघं वाचतात. ह्यांनी हात जोडून “चुकलं माझं” म्हटलं. मल्हारराव “बसा” म्हणाले, पण खुर्ची दाखवली ती दारापाशची. अंबुबाईंनी कापी (इथे कॉफीला असंच म्हणतात) आणली. मी पेला घ्यायला वाकले, आणि माझ्या नाकासमोर भीमाचार्यांचा खिसा आला. त्यात पेन. क्लिपवर निळा हिरा.

आता मी गप्प बसायला हवं होतं. ह्यांना घरून निघताना मीच शपथ घातली होती. पण आचार्यांनी नेमकं त्याच वेळी शब्दकोड्यात काही लिहायला पेन काढलं, आणि मला त्याचं खालचं टोक दिसलं. गुळगुळीत. खडा नाही. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, “अगं बाई! खाली खडा नाही, मग वर हिरा कुठून आला?”

अक्का, ह्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मग सगळं बाहेर पडलं. आचार्यांचं पेन त्यांच्या पुतण्याने एकोणपन्नास साली सिंगापूरहून आणलेलं. दर शनिवारी दोघं मित्र एकाच वाडग्यात आपापली पेनं धुवायचे. कुठल्या तरी शनिवारी टोपणं बदलली. आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षं भीमाचार्य मित्राला ऐकवत आले की तुझं पेन साहेबाचं असेल, पण हिरा माझ्या पेनाला आहे! बिचारे मल्हारराव मनातल्या मनात झुरायचे. ह्यांनी टोपणं अदलाबदल करून बसवली. मल्हाररावांनी पेन डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी हसण्याचं किती आणि साहेबाच्या आठवणीचं किती, मी नाही सांगू शकत.

भीमाचार्य मात्र हसले नाहीत. रिकाम्या क्लिपवरून अंगठा फिरवत बसले, खेळणं काढून घेतल्यासारखे. मल्हाररावांनी ते पाहिलं. ते उठले, हिऱ्याचं टोपण काढलं आणि मित्राच्या पेनाला पुन्हा लावून दिलं. “राहू दे रे. कुणाचं ते कळलं, झालं. तुझ्या हाताला सवय हाय.”

पहिल्या वर्षाचं, अस्सल, दोन खड्यांचं पेन, आणि त्यावर मुद्दाम चुकीचं टोपण! मी ह्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. ह्यांनी तोंड उघडलं. मिटलं. कापीचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले. मल्हारराव ह्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि अंबुबाईंना म्हणाले, “मुलीच्या भावाला गप्प बसायलाबी येतंय की. पंचांग आण.”

लग्न मे महिन्यात आहे. घरी येऊन सांगितलं तेव्हा नयना दादाच्या गळ्यात पडली, आणि ह्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवत मला विचारलं, “तुला आचार्यांच्या पेनाचं खालचं टोक इतक्या लांबून कसं दिसलं?” मी म्हटलं, योगायोग.

दाजींना आणि मुलांना जपून राहायला सांग. म्हशीला माझ्यातर्फे थोपट.

तुझी धाकटी,
प्रेमा

ता. क. लग्नाला आठ दिवस आधी ये. रुखवताचं तुझ्यावर टाकून मी मोकळी.

ता. क. दुसरा. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. आपल्या आबांचं ते जाडजूड नारिंगी पेन, दोन्ही टोकं काळी असलेलं, आबांच्या मागे तुझ्या लाकडी पेटीत आहे. ते सहज काढून बघ. टोपणाच्या काठाला सोनेरी कडं आहे का? हे सांगतात की एकवीस साली पहिल्यांदा निघाली त्यांना कडं नव्हतं, ते पुढे आलं. ह्यांना यातलं काही कळवू नकोस. येताना पेन पापडांच्या डब्यात घालून आण. कडं असेल तर ह्यांच्या हातात दे, बिचारे खूश होतील. नसेल तर माझ्या.