बोटभर जागा

५ ऑक्टोबर, रविवार

निर्णय पक्का. ९ नोव्हेंबरच्या दहा किलोमीटर शर्यतीत नाव घातलं. साडू दरवर्षी पळतो आणि मेव्हणी सगळं घर घेऊन शेवटच्या रेषेपाशी टाळ्या पिटत उभी असते. सौ. उन्हाळ्यापासून बहिणीकडेच मुक्कामाला असल्यामुळे तीही असणार. मी साडूच्या आधी पोचणार, सौ. बघणार, संध्याकाळी बॅगेसकट घरी.

ती का गेली हे अजून नीटसं कळलेलं नाही. जाताना म्हणाली, या घरात जीव घुसमटतो. प्रत्येक खोलीला खिडकी आहे. माझ्या मते कारण माझं पोट असावं. स्पष्ट बोलायची तिला सवय नाही.

७ ऑक्टोबर

बूट घेतले. दुकानदार म्हणे एक नंबर मोठा घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा, पळताना पाय सुजतो. हसू आलं. काचेच्या दिव्यांच्या कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर आहे. खोक्यात बोटभर जागा राहिली की माल हलतो, हलला की फुटतो. पाय म्हणजे तरी काय, मालच. माझ्या नंबरचा बूट टाचेत किंचित हलत होता म्हणून अर्धा नंबर लहान घेतला. दुकानदाराने मान हलवत बिल केलं. चांगलं ज्ञान पचायला वेळ लागतो.

९ ऑक्टोबर, पहाटे

पहिला सराव. पेट्रोल पंपापर्यंत गेलो. परत रिक्षाने आलो, कारण ऊन.

टाचेला फोड. कारण शोधलं: मोजे पातळ. उपाय: सुती मोज्यांचे दोन जोड, एकावर एक.

१० ऑक्टोबर

सौ.ला फोन केला. साडूने उचलला. ती बाहेर गेलीय म्हणाला. एवढ्या सकाळी? मग शर्यतीचं ऐकून सल्ले द्यायला लागला. सुती मोजे नकोत, घाम धरतात. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन लाव. नखं सरळ काप, कोपरे कोरू नकोस. बूट मोठा घे. माणूस घाबरला की असा गोड बोलतो.

ठरवलं: तो सांगेल त्याच्या बरोबर उलट करायचं. नखं खोल, गोल कोरून कापली. जरा रक्त आलं.

१४ ऑक्टोबर

पॅकिंगच्या टेबलावरची एक बाई स्टूल मागायला आली. दिवसभर उभं राहून पाय सुजतात म्हणे. समजावून सांगितलं की पायाचे लाड केले की पाय डोक्यावर बसतो. ती परत टेबलाशी जाऊन उभी राहिली. नंतर तिचं एक खोकं कानाशी धरून हलवलं तर आत बारीक आवाज. सगळा लॉट तिच्याकडून उभ्याने पुन्हा भरून घेतला. शिस्त ही शेवटी त्यांच्याच भल्यासाठी असते.

२१ ऑक्टोबर

डाव्या अंगठ्याचं नख निळं. केमिस्टला दाखवलं. नखाखाली रक्त साकळलंय, नख बुटाच्या टोकावर आपटतंय, बूट बदला, म्हणाला. बूट बदला हे त्याचं मत. आपटतंय ही वस्तुस्थिती. म्हणजे माझंच बरोबर: पाय अजून हलतोय.

कारखान्यातून फोमचे तुकडे आणले. बुटाच्या टोकात दाबून बसवले. बोटांना पॅकिंगची ब्राऊन टेप गुंडाळली. उभा राहिलो. काहीही हललं नाही. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

२१ ऑक्टोबर, रात्री

टेप काढली. टेपबरोबर कातडीही आली.

२८ ऑक्टोबर

डिपार्टमेंटमध्ये माझ्यासाठी स्टूल ठेवलं. बसून देखरेख जास्त बारकाईने होते. ती पॅकिंगवाली बाई सारखी स्टुलाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

३ नोव्हेंबर

उजव्या अंगठ्याचं नखही काळं. डाव्याचं आता वरखाली हलतं. फोड फुटले, त्यांच्याखाली नवे आले. सराव कमी पडतोय असं वरवर पाहता वाटेल, पण मी ताकद राखून ठेवतोय. आज बूट घालूनच झोपणार. पायाने एकदा बुटाचा आकार घेतला की झगडा संपला.

८ नोव्हेंबर

सौ.च्या कपाटाला नवी लेबलं लावली. रोजचे, बाहेरचे, क्वचित. पूर्वी ती साड्या कुठेही कोंबायची. आता आल्या आल्या चूक व्हायला वावच नाही.

शेवटच्या रेषेवर काय बोलायचं तेही ठरलं: चल घरी. बस. माफी मागायला लावणार नाही. तिलाही थोडं मोकळं सोडलं पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी

शर्यत उत्तम झाली. व्यवस्था मात्र भिकार. रस्ता नको तितका उताराचा होता आणि उतारावर सगळं वजन अंगठ्यांवर येतं, हे आयोजकांना कळायला हवं होतं.

निम्मं अंतर कापायच्या जरा आधी मी स्वेच्छेने फूटपाथवर बसलो. मोजे ओले लागत होते. घाम असेल असं वाटलं होतं. घाम नव्हता.

तेवढ्यात निम्म्यावरून वळून परत येणारा साडू समोरून आला. त्याच्या शेजारी सौ. टाळ्या वाजवायला नव्हे, पळायला. केस कापलेत. धापही लागलेली नव्हती. ऐसपैस, ढगळ बूट. रोज पहाटे सराव करते म्हणे. म्हणजे त्या दिवशी फोनवर तो खोटं बोलत नव्हता.

ती थांबली. साडूला पुढे जायला सांगितलं. खाली बसून तिने माझ्या बुटाच्या नाड्या सोडल्या. बूट निघेना. ओढून काढला. आतला फोम बघितला, टेप बघितली. मग अगदी हळू बोलली.

"अहो, एवढं आवळून कोण पळतं?"

मी सांगितलं की जरा विसावलोय, तू हो पुढे, गाठतोच. ती उठली. दोन पावलं जाऊन पुन्हा वळली आणि विचारलं, पुढच्या रविवारी घरी आहात का, मी येणार आहे.

येणार आहे! तिच्या तोंडचे शब्द. मागे राहिलेल्यांना उचलणाऱ्या गाडीत घालून मला आणलं तेव्हा ड्रायव्हरला वाटलं मी दुखतंय म्हणून रडतोय.

१३ नोव्हेंबर

रजा. अंगठ्यांची दोन्ही नखं गेली. डॉक्टर म्हणाले, नवी यायला वर्ष लागेल, तीही वाकडी येतील. येऊ देत. बघणारी घरात असली म्हणजे झालं. टाचांवर चालत दोन्ही खोल्या पुसल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार, रात्री

आली. टेम्पो घेऊन आली. साडूही होता.

तिने माझे पाय बघितले, मलम कुठलं लावता ते विचारलं आणि बेडरूममध्ये गेली. माझी लेबलं वाचली असावीत, कारण कपाटाचं दार उघडायला वेळ लागला. मग कपाट रिकामं करायला लागली. नंतर स्वयंपाकघरातली काचेची भांडी नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात टाकत होती. साडू ती खोकी एकमेकांवर रचत होता. दहा मिनिटं मी सहन केलं.

शेवटी उठलो. टाचांवर उभं राहून सगळी खोकी उघडायला लावली आणि स्वतः भरली. कपांच्या मध्ये टॉवेल, बशा उभ्या, कोपऱ्यांत तिचे मोजे, तळाला आडव्या साड्या. बॅंडेजमधून रक्त फरशीवर आलं ते तिने मागोमाग पुसलं. मध्ये एकदा मी विचारलं की परत कधी. ती म्हणाली, हे परत आणायला नेत नाहीये. मी म्हटलं, तो टॉवेल दे.

साडू म्हणाला असं पॅकिंग आजवर बघितलं नव्हतं. त्याला काय कळतंय, पण बरं वाटलं.

टेप लावून मार्कर काढला आणि पहिल्या खोक्यावर साडूचा पत्ता लिहायला घेतला. सौ.ने माझा हात धरला. लग्नानंतर इतका घट्ट पहिल्यांदाच धरला असेल. तिकडे नाही जायचं, म्हणाली. दुसरी जागा घेतलीय. कुठे, विचारलं.

"राहू दे. पत्ता मी घालते."

मार्कर तिने घेतला आणि टोपण लावून पर्समध्ये टाकला. टेम्पो गेला. आजवर पत्ता न घातलेला माल माझ्या हातून कधी बाहेर पडला नव्हता.