पाच शनिवारांचं सर्टिफिकेट

आदरणीय जेनेझिओदादा, मुक्काम मारिलिया, यांस

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे वाल्दोमिरोचा, मनापासून नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? वहिनी अजून ती चमचा उभा राहील अशी कॉफी करतात का? इकडे सगळे धडधाकट आहेत, आई तर विशेषच. का ते पुढे येईल.

इलेक्ट्रिशियन व्हायला मला खरोखर किती पडलं ते आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही तेच विचारणार. पाच शनिवार, डावी भुवई, तुमच्या आईच्या चार ओल्या चादरी आणि शेजारच्या दोना झेनाइदेंच्या कोंबड्यांची झोप. त्या बदल्यात एक सर्टिफिकेट मिळालं. ते मी काचेच्या फ्रेममध्ये लावलंय. त्याचा खिळासुद्धा मी स्वतःच ठोकला.

आठ वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात, "ये माझ्याकडे, चार वर्षांत माणूस करतो. पहिलं वर्ष फक्त शिडी उचलायची, पकड द्यायची आणि कान उघडे ठेवायचे." तेव्हा मी बाजारात सगळ्यांसमोर हसलो होतो. (पास्तेल तळायची कढई आटोपून शिडी उचलायला कोण जाईल, असं काहीसं बोललोही होतो. ते तुमच्यापर्यंत पोचलं, हेही माझ्या कानावर आलं.) आता तुमच्या हाताखालच्या त्या आदेइल्सनला जे शिकायला चार वर्षं लागली ते मला पाच शनिवारांत आलं. वर्गात आम्ही एकोणीस जण होतो, एक न्हावीसुद्धा होता. मास्तर फळ्यावर बल्ब काढायचे, आम्ही वहीत काढायचो. खरी वायर चौथ्या शनिवारी हातात मिळाली, तीही एकोणीस जणांत एकच. फुशारकी म्हणून नाही, पण स्वतःच्या घरचं अख्खं वायरिंग मी एकट्यानं बदललं. सहा आठवडे झाले, एकदाही फ्यूज उडाला नाही. हे तुमच्या आदेइल्सनला जरूर सांगा.

आता मुद्द्याचं. वीस तारखेला आईंना ऐंशी पूर्ण होतायत. त्यांच्या घरी चाळीस माणसं यायची आहेत, निम्मी मुक्कामाला, आणि आंघोळीला विजेवर पाणी तापवणारा शॉवर तो एकच. तोच, ज्याचा नळ शॉक देऊन चावतो म्हणून घरातला प्रत्येक जण रबरी चपला घालून आणि हाताला टॉवेल गुंडाळून आंघोळ करतो. तुम्हीही लहानपणापासून तशीच केलीत. निल्झा सहा आठवडे आईच्या सेवेला तिथेच राहिलीय, म्हणून माझं तिथं जाणं-येणं असतं. शॉवरच्या वर पाहिलं तर हिरवी वायर गुंडाळून चिकटपट्टीनं बांधलेली. तशी ती गावात सगळ्यांकडेच असते. वायर लावणारा प्रत्येक जण म्हणतो, "ही जास्तीची दिलीय." पण मला सर्टिफिकेट आहे! दुसरा शनिवार, पान चौदा: हिरवी वायर जमिनीत जायला हवी.

मी ती खिडकीतून बाहेर काढून गच्चीवर कपड्यांच्या तारेच्या लोखंडी खांबाला पक्की पिळली. खांब म्हणजे जमिनीत गेलेलाच असणार, असा माझा हिशोब. तो खांब तुमच्या वडिलांनी रंगाच्या जुन्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलाय आणि डबा फरशीवर नुसता ठेवलाय, हे मी नंतर पाहिलं.

मंगळवारी निल्झा आंघोळीला गेली आणि आई वर चादरी वाळत घालत होत्या. नळाचा तो चावा आता नळ आणि तार दोघांनी वाटून घेतला. आईंनी चार चादरी एकदम सोडल्या, त्या खाली कोंबड्यांवर पडल्या.

"वाल्दोमिरो! तारेला काय विंचू बांधलेस का रे?"

"आई, ते अर्थिंग आहे."

"मला ऐंशी पूर्ण होऊ दे, मग मार!"

एवढ्यात निल्झा डोक्याला साबण तसाच घेऊन बाहेर आली. "अहो, तुम्ही कढईवरच बरे होतात," एवढंच म्हणाली आणि परत आत गेली, चपला घालून. दोना झेनाइदेंनी मात्र कुंपणावरून विचारलं, "एउलालियाबाई, त्या झटक्यानं तुमचा तो जुना खांदा दुखायचा थांबला का हो? मग माझा गुडघा पण जरा लावून बघू!" (खांदा खरंच थांबलाय. आई हे कबूल करत नाहीत, पण डाव्या हातानं पुन्हा कणीक मळतायत.) मी मेन स्विच पाडून वायर सोडवली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली.

दादा, त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळतेय. ज्याच्याकडे मी पास्तेल शिकलो त्या म्हाताऱ्या ओकामुरानं मला दोन वर्षं फक्त पीठ लाटायला लावलं होतं, तेलाजवळ फिरकू दिलं नाही. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो. आज कढईकडे पाठ करूनही नुसत्या आवाजावरून सांगतो, तेल तापलं की नाही. हे पाच शनिवारांत कुणी शिकला असता तर मी त्याच्या हातचं पास्तेल खाल्लं नसतं. असो. वहिनींना नमस्कार.

आपला,
वाल्दोमिरो

ता. क. गुरुवारपर्यंत येता आलं तर बरं. येताना जमिनीत ठोकायचा तो तांब्याचा रॉड आणा. खड्डा मी खणून ठेवलाय, जागा तुम्ही बदलली तर दुसरा खणीन. आई म्हणतात, जेनेझिओ येईपर्यंत शॉवरला कुणी हात लावायचा नाही, आणि हे म्हणताना माझ्याकडेच बघतात.

ता. क. दुसरा. तुमच्याकडे शिडी उचलायला सध्या कोणी आहे का? मी एक्कावन्नचा आहे, पण खांदे शाबूत आहेत. चार वर्षं तर चार वर्षं. आदेइल्सन पकड मागेल तर त्यालाही देईन.

ता. क. तिसरा. फ्यूज उडाला नाही हे खरं आहे. पहिल्याच दिवशी मीटरपाशी भडका झाला, भुवई गेली, आणि कंपनीचा माणूस येऊन मीटर काढून घेऊन गेला. सहा आठवडे आमच्या घरात वीज नाही.