प्रतिवादी नंबर चार

धायरी, पुणे
२ नोव्हेंबर २०२३

प्रिय वासूआत्या,

नमस्कार. कशी आहेस? काकांचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक. पप्पांची शुगर कंट्रोलमध्ये आहे. सार्थक बारावीत गेलाय आणि अभ्यास सोडून सगळं करतो. मी खराडीला एका कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायचा पगार घेते. सिंहगड रोडचा पूल अजून होतोच आहे.

हे पत्र पप्पांनी लिहायला सांगितलंय. तू त्यांचा फोन उचलत नाहीस, आणि त्यांचं म्हणणं, "तनीनं हातानं लिव्हलं तर वासंती फाडायची नाय." तर निरोप असा: भाऊबीजेला घरी ये. राहायलाच ये. आईने तुझ्यासाठी मोरपंखी पैठणी आणलीये.

निरोप संपला. इथून पुढचं पप्पांनी वाचलेलं नाही.

आत्या, ती साडी भाऊबीजेची नाहीये. दुसऱ्या दिवशी तुला रजिस्ट्रार ऑफिसात न्यायचंय, तिथे तुझी सही झाली की मग साडी. ओढ्याकडची जमीन बिल्डरला द्यायची चाललीये. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझं नाव लागलं, ते अजून आहे. तू हक्कसोडपत्र दिल्याशिवाय बिल्डर पुढे सरकत नाही. ओवाळून घेणार, जेवायला घालणार, आणि सकाळी गाडीत घालून सहीला. एवढा डोक्यात गेला ना हा प्लॅन माझ्या!

माझीही सही लागते. त्यातला एक तुकडा आजोबांनी मी लहान असतानाच माझ्या नावावर केला होता. मला वाटायचं लाडाने केला.

आता मुद्द्याचं. जुलैमध्ये ऑफिसातली नम्रता वाकडला फ्लॅट बघत होती. बिल्डरवर केसेस आहेत का ते कोर्टाच्या साइटवर शोधत होती. राज्य निवडायचं, जिल्हा निवडायचा, नाव टाकायचं, वर्ष टाकायचं, बस. मी म्हटलं, अगं, हे असं कुणालाही दिसतं? फुकट? मला इतकं भारी वाटलं की लंच सोडून मी ओळखीतल्या सगळ्यांना शोधत बसले. सोसायटीच्या चेअरमनवर दोन केसेस निघाल्या, आम्ही टाळ्या दिल्या. मग गंमत म्हणून आपलं आडनाव टाकलं.

वाटणीचा दावा. वर तुझं नाव. मध्ये 'विरुद्ध'. खाली आजोबा, आजी, पप्पा. आणि चौथं नाव माझं. कुमारी तनुजा, वय सहा, अज्ञान, पालक वडील.

मी स्क्रीन बंद केला. नम्रता म्हणाली, "काय गं, सापडलं का कुणी?" मी म्हटलं, "नाही, नेट गेलं."

एवढ्या जुन्या केसचे कागद साइटवर नसतात. म्हणून सुट्टी टाकून शिवाजीनगर कोर्टात गेले. रेकॉर्डच्या खिडकीवरचे काका मान वर न करता म्हणाले, "कोण आपण? असं कुणालाही दाखवत नाही आम्ही."

"मी पार्टी आहे. प्रतिवादी नंबर चार."

त्यांनी कागद बघितला, मग मला बघितलं. "सन दोन हजार सहा. तेव्हा वय काय आपलं?"

"सहा."

"अस्सं. जबाब मात्र मुद्देसूद दिलाय हं तुम्ही. नकला हव्यात? अर्ज करा. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या म्हणजे त्याच्या पुढच्या."

नकला मिळाल्या आणि गेटबाहेर चहाच्या टपरीशी उभी राहून वाचल्या. आत्या, मी काय बोलले होते माहितीये? म्हणजे तुला माहितीच असणार, तुला तेव्हाच वाचून दाखवलं असेल. 'सदर वादी ही लोभी असून या प्रतिवादीशी तिचा कसलाही जिव्हाळा नाही. तिचे माहेरी येणे केवळ मिळकतीकरिता आहे.'

जिव्हाळा नाही! तू दर शनिवारी कसब्यातून दोन बस बदलून यायचीस. माझ्या डोक्याला तेल लावायचीस. इंग्लिश मीडियममध्ये घातलंय म्हणून पोरीला मराठी येणार नाही, म्हणून पाटीवर मुळाक्षरं काढून घ्यायचीस. आत्ता हे लिहितेय ते अक्षर कुणाचंय? आणि त्याच पोरीच्या तोंडी हे घातलं. मला विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि तू येईनाशी झालीस तरी मी मात्र शनिवारी गॅलरीत उभी. आई सांगायची, "आत्याच्या सासरचे सोडत नाहीत गं."

घरी येऊन कागद पप्पांपुढे टाकले.

"कोर्टातलं असंच असतंय," पप्पा म्हणाले. "वकिलानं लिव्हलं, म्या नाय."

"सही तुमची आहे."

"तुझ्यासाठीच केलं ना समदं? जमीन कुणाच्या नावावर हाय? तुझ्याच ना?"

"मग माझ्याच नावाने तिला लोभी का म्हणालात?"

"बहिणी कुठं वाटण्या मागत्यात का? साडीचोळी घेत्यात आन् सही देत्यात. गावात विचार जा."

"मीपण सार्थकची बहीण आहे, पप्पा. मलापण साडीच का?"

त्यावर जे टीव्हीचा आवाज वाढवून बसले, ते जेवायलाच उठले. आई भांडी घासताना हळूच म्हणाली, "तुझं खरंय, पण सही करून टाक. घर मोडू नको." कुणाचं घर, ते नाही म्हणाली.

आता शेवटचं पान. मघापासून ते टाळतेय, कारण ते वाचल्यापासून मला नीट झोप नाही. सगळे कागद टाइप केलेले आहेत, फक्त ते हाताने लिहिलेलं आहे, तारीख २००९ सालची. अक्षर मी लगेच ओळखलं. 'मला हा दावा पुढे चालवायचा नाही. माहेरी येणे-जाणे राहावे व तनुजाला भेटू द्यावे, एवढेच मागणे आहे.' खाली पप्पांचं 'मान्य', आणि सही.

म्हणजे तू हरली नव्हतीस. माझ्यासाठी केस सोडलीस. त्या वर्षी मी नऊ वर्षांची होते, आणि मला आठवतंय, दिवाळीत गेटपाशी डबा घेऊन तू उभी होतीस. आईने मला मागच्या दाराने क्लासला पाठवलं. परत आले तर तू नव्हतीस. मला वाटलं, तूच थांबली नाहीस.

मी पप्पांना सांगितलंय, सातबाऱ्याप्रमाणे तुझा हिस्सा तुला लिहून दिल्याशिवाय माझी सही होणार नाही. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला. मला 'ताई, ताई' करतो आणि बघतो पप्पांकडे. बघू दे.

तू भाऊबीजेला येऊ नकोस. आलीस तरी सही करू नकोस. आणि येत्या शनिवारी घरी थांब. मी येतेय कसब्यात. साडी आणणार नाही, तेलाची बाटली आणेन. दार उघडशील की नाही, माहीत नाही. नाही उघडलंस तर मी उभी राहीन, कारण आपल्या घरच्यांनी तुला तसंच उभं केलं होतं.

कोर्टापुढे 'मान्य' म्हणून लिहून दिलेलं आमच्याकडून एकाने तरी पाळायला पाहिजे. मी आता सज्ञान आहे.

तुझी,
प्रतिवादी नंबर चार,
तनू