बिस्किटाची परीक्षा

४ मे
टिल्लू तीन महिन्यांचा झाला. उजवा हात अजून तसाच — अंगाला चिकटून, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. पाठीमागे काहीतरी लपवल्यासारखा.

मोठ्या डॉक्टरांनी त्याचा दंड दोन बोटांत धरला, खुळखुळा दाखवला आणि वाट पाहिली. आम्हीही पाहिली. बोटं हलतात, मूठ वळते. कोपर वाकत नाही.

डॉक्टर बोलले ते आठवतंय तोवर लिहून ठेवते, कारण घरी पोचेपर्यंत तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या. जन्मताना मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ओढल्या गेल्या. नुसत्या ताणल्या असतील तर आपोआप बऱ्या होतात, बहुतेक मुलांच्या होतात. ज्यांचं कोपर दोन महिन्यांच्या आत वाकायला लागतं, ती मुलं पुढे विसरूनही जातात. तीन महिने झाले तरी वाकत नसेल तर सांगता येत नाही. नस तुटली असेल तर ऑपरेशन, आणि तेही वेळेत. वर्ष उलटून फार पुढे गेलं की दंडाचा स्नायू वाळत जातो. मग नस जोडली काय न जोडली काय.

नवरा म्हणाला, "म्हणजे बरा होणार." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कापणार." मी म्हटलं, म्हणजे सांगता येत नाही. मला तेच उत्तर पटलं. निदान खरं तरी होतं.

११ मे
शेजारीण आली होती. कसं गं झालं? पायाळू होता, सांगितलं. पाय आले, धड आलं, हात डोक्यावर अडकले. ओढावं लागलं, नाहीतर गुदमरला असता. मग तिने विचारलं, राग नाही येत? म्हटलं, राग यायला वेळ कुठे आहे, प्रत्येक दुपटं बदलताना व्यायाम असतो.

खोटं सांगितलं. येतो राग. पण तो कुणाच्या पत्त्यावर पाठवायचा ते कळत नाही.

२ जून
फिजिओ बाई म्हणाल्या, नसा म्हणजे विजेच्या वायरी समजा. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्यासमोर हे बोलायला नको होतं. "वायर जोडली की दिवा लगेच लागतो हो. तुम्ही तर महिने सांगताय." बाईंनी समजावलं — नस जोडली तरी ती तिथून पुढे वाढत वाढत स्नायूपर्यंत जावी लागते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर.

घरी जिना चढताना हा म्हणाला, "मग ती वायर नाही, वेल आहे." लग्नाला सहा वर्षं झाली, या माणसाने आजवर कशाला कशाची उपमा दिली नव्हती.

७ जुलै
आरटीओत कामावर परत. ट्रॅक तोच, खांब तेच, खुर्चीला एक पाय कमी तोही तसाच. वाहन परवान्याच्या परीक्षेला आज एकवीस जण. अकरा जणांना नापास केलं. शिपाई म्हणाला, "मॅडम आल्या, आता रस्ते सुरक्षित."

ड्रायव्हिंग स्कूलवाले शिकवतात ते गाडी चालवायला नाही, पास व्हायला. मागच्या काचेवर टिकली चिकटवलेली असते. टिकली आणि खांब एका रेषेत आले की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं — गाडी बरोबर जागेत! खांब काढून घेतला की बाईसाहेब भिंतीवर. आणि मास्तरच्या बाजूला जादा ब्रेक-क्लच असतात. शिकणारा घाबरला की मास्तरचा पाय गुपचूप काम करतो. म्हणून मी चाकांकडे बघत नाही, पायांकडे बघते.

टिल्लू दिवसभर सासूबाईंकडे. त्यांनी सगळे व्यायाम पाठ केलेत. माझ्यापेक्षा मऊ हाताने करतात.

२ सप्टेंबर
दुपारी ट्रॅकवर सासूबाईंचा फोन. "वाकलं गं! कोपर वाकलं!" समोरचा उमेदवार चढावर गाडी धरून उभा होता. त्याला तसाच ठेवला आणि ऐकत राहिले.

संध्याकाळी पाहिलं. खरंच वाकतं, चिंचोक्याएवढं. मूठ गच्च आवळली की.

३ सप्टेंबर
फिजिओ बाईंनी माझं बोट त्याच्या दंडावर ठेवलं. "वाकताना इथे काही जाणवतं?" काहीच नाही, लोण्यासारखं मऊ. काम मनगटाकडचे स्नायू करताहेत. त्यांच्यानं थोडंसंच होणार, घास तोंडापर्यंत जाणार नाही.

सासूबाई भडकल्या. "वाकलं ते वाकलं. कुठल्या रस्त्याने आलं याची चौकशी कशाला?"

मोठे डॉक्टर म्हणाले, नवव्या महिन्यापर्यंत बघू. मग त्याच्या उजव्या हातात बिस्कीट द्यायचं, दंड अंगाला लावून धरायचा. बिस्कीट तोंडाशी गेलं तर पास, ऑपरेशन नको. तोंड बिस्किटाकडे गेलं — म्हणजे मान वाकवून खाल्लं — तर नापास. तेव्हा मात्र थांबायचं नाही.

१० ऑक्टोबर
घरात बिस्किटांची शिकवणी सुरू आहे. सकाळ-दुपार-संध्याकाळ. गादीत चुरा, सोफ्यात चुरा, मुंग्यांची चंगळ. टिल्लू हुशार आहे. बिस्कीट उजव्या हातात दिलं की डाव्या हाताने काढून घेतो आणि खातो. डावा हात धरला तर बदकासारखी मान खाली घालतो. सासूबाई त्याची हनुवटी वर धरतात आणि म्हणतात, "असं नाही राजा, ताठ बस." तेव्हा तो बिस्कीट टाकून देतो आणि हसतो.

नवऱ्याला विचारलं, नापास झाला तर? "होणार नाही." आणि झाला तर? "तुला प्रत्येक गोष्टीत नापासच दिसतं." पाठ फिरवून झोपला.

५ नोव्हेंबर
पास.

६ नोव्हेंबर
काल एवढंच लिहिलं. आता नीट लिहिते.

मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले होते, धाकट्या डॉक्टरांनी परीक्षा घेतली. टिल्लूने त्यांना बघताच भोकाड पसरलं. ते बिचारे म्हणाले, "आजी, तुमच्या मांडीवरच घ्या, तुम्हीच दंड धरा." सासूबाईंनी धरला. बिस्कीट दिलं. हात हळूहळू वर गेला, बिस्कीट तोंडाला लागलं, टिल्लूने चावा घेतला. नवऱ्याने टाळी वाजवली. धाकटे डॉक्टर हसून म्हणाले, "झालं की. तीन महिन्यांनी दाखवा."

सगळे बिस्किटाकडे बघत होते. मला अंगठा दिसला. सासूबाईंचा अंगठा टिल्लूच्या कोपराखाली होता, आणि हात वर जाताना त्याचं नख पांढरं झालं होतं.

मी काही बोलले नाही. मलाही तो पास व्हायला हवा होता, इतकं साधं आहे. येताना नवऱ्याने आइस्क्रीम घेतलं, मी दोन वाट्या खाल्ल्या.

आज ट्रॅकवर पन्नाशीच्या एक बाई. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न येऊ देता सोडायची. सोडली, सुरेख! मी खाली वाकून बघितलं तर मास्तरचा पाय क्लचवर. त्याला उतरवलं. बाईंची गाडी घसरत मागे आली, बंद पडली. बाई रडायला लागल्या. "मॅडम, तुमचं काय जात होतं हो?"

माझं काहीच जात नव्हतं. तेच तर. नापासचा शेरा लिहिला आणि अर्धी रजा टाकली.

घरी गेले. सासूबाई झोपल्या होत्या. टिल्लूला उचललं, बस पकडली. मोठे डॉक्टर भेटेपर्यंत बाकावर बसून राहिले. म्हटलं, काल हात याने उचलला नाही. पुन्हा घ्या. डॉक्टरांनी कोणी उचलला ते विचारलं नाही. फिजिओ बाईंनी दंड धरला, मी समोर बसले. बिस्कीट मांडीपाशीच. मूठ आवळली, चिंचोक्याएवढं वाकलं, थांबलं. मग मान खाली आली. मग रडला. तीनदा घेतली परीक्षा, तिन्ही वेळा तेच.

डॉक्टरांनी चोवीस तारीख दिली. मी आयुष्यात हजारो माणसं नापास केली असतील. कुणाला सुरीखाली कधी पाठवलं नव्हतं.

७ नोव्हेंबर
रात्री सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, तुमचा अंगठा होता."

"होता. मग? लेकराला फाडायचं म्हणतात, आणि मी हाताची घडी घालून बसू?"

"त्याला पास करून त्याचा हात येणार आहे का?"

"देवाने वेळ दिला तर येईल. तू वेळच देत नाहीस."

नवरा दारात उभा होता. म्हणाला, "घरातही परीक्षाच घ्यायच्या का तुला?" मी म्हटलं, हो. मग म्हटलं, मलाही भीती वाटते, पण मी भीतीला विचारून सही करणार नाही. सासूबाई भाजी तशीच टाकून आत गेल्या. मी निवडली.

१५ नोव्हेंबर
सासूबाई बोलत नाहीत. निरोप टिल्लूमार्फत येतात. "टिल्लू, तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंय."

नवऱ्याने सही केली. पेन कागदावर टेकवून इतका वेळ थांबला की शाईचा ठिपका पडला.

२४ नोव्हेंबर
सकाळी आठला आत नेला. चारनंतर मोठे डॉक्टर बाहेर आले, टोपीचा वळ कपाळावर. म्हणाले, आम्हाला वाटलं होतं त्याहून वाईट होतं. दोन नसा मुळासकट मणक्यातून उपटल्या गेल्यात. उपटलेलं मूळ परत रुजत नाही.

सासूबाई पुढे झाल्या. "आणखी थांबलो असतो तर?"

"काही सुधारलं नसतं, आजी. वर्षभर थांबला असता तरी नाही."

सासूबाईंनी पाणी मागितलं. मी आणून दिलं. प्यायल्या आणि पेला माझ्याच हातात परत दिला.

आता बरगड्यांमधल्या, श्वासाच्या कामाच्या तीन नसा उसन्या घेऊन दंडाला जोडल्यात. मेंदूला वाटणार त्या अजून श्वासाच्याच आहेत. म्हणून वेल पोचलीच, तर कोपर आधी खोकताना, शिंकताना, रडताना वाकेल. त्याच्या इच्छेने वाकायला पुढे वर्ष-दीड वर्ष. खांदा पूर्ण वर जाईल असं समजू नका. कोपराचंही नक्की नाही. "शेजारून आणलेलं आहे. नांदलं तर नांदलं."

नवऱ्याने किती टक्के विचारलं. डॉक्टर म्हणाले, "टक्के शंभर मुलांचे असतात. तुमचं एक आहे."

३ जानेवारी
छातीला बांधलेला हात सुटला. गळ्याखाली एक व्रण, बरगड्यांवर एक. हात पूर्वीसारखाच, उलट बारीक झालाय. चिंचोक्याएवढं वाकत होतं तेही नाही.

१ फेब्रुवारी
वर्षाचा झाला. डाव्या हाताने केक फेकला. उजव्याचं काही नाही.

१४ मार्च
काही नाही.

२९ मार्च
नवरा आज बोलला. भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आपण उगीच नाही ना केलं हे?" डॉक्टर म्हणाले होते ना, दोन मुळं — असं मी सुरू केलं. "ते माहीत आहे," म्हणाला. "मी व्रण बघून विचारतोय."

दिवसभर ट्रॅकवर सगळ्यांना पास करावंसं वाटत होतं. केलं नाही.

१६ एप्रिल
घरी लवकर आले तर सासूबाई टिल्लूला मांडीवर घेऊन बसलेल्या, बशीत मिऱ्याची पूड. माझी चाहूल लागली तशी बशी पदराखाली गेली. "काय करताय आई?" मग थेट मलाच म्हणाल्या, टिल्लूमार्फत नाही — "शिंकला तर कळेल ना नस पोचली का ते."

तेवढ्यात त्याच शिंकल्या. एक, दोन, पाच, सात. टिल्लूला खदखदून हसू. मलाही. मग त्याही हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसले आणि मिऱ्याचा हात डोळ्यांत गेला. मी पाणी आणायला धावले. बऱ्याच महिन्यांनी घरात असा गोंधळ झाला.

टिल्लू शिंकलाच नाही.

९ मे
सकाळी नखं कापताना टिल्लू चिडला. आडवा झाला, लाल झाला, सगळा श्वास काढून रडला. आणि उजवं कोपर वाकलं. हुंदका संपला, सरळ झालं. पुढचा हुंदका, पुन्हा वाकलं. मी दंड धरला. बोटांखाली काहीतरी टणक झालं आणि सैल पडलं.

नवऱ्याला हाक मारली. तो दाढीचा फेस तसाच घेऊन आला, सासूबाई आल्या. तिघं बघत उभे राहिलो, टिल्लू आमच्याकडे डावा हात करून रडत होता. न राहवून मी त्याला उचलायला वाकले.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "थांब गं. रडू दे त्याला अजून थोडं."